खेळाच्या कपड्यांची ६० सेकंदांची फॅशन फिल्म: आधी कापड हलवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत घरूनच खेळाच्या कपड्यांचा छोटा ब्रँड चालतो. लेगिंग, स्पोर्ट्स ब्रा, टँक टॉप, विंडचीटर आणि ट्रॅक पँट अशी पाच नवी डिझाइन तयार आहेत. त्यांची ६० सेकंदांची फिल्म करायची आहे. हाताशी एक दिवस, मित्राचा मिररलेस कॅमेरा आणि भाड्याचा गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा). मागचा व्हिडिओ ‘जिमच्या जाहिरातीसारखा’ झाला, म्हणून चार गोष्टी विचारल्या आहेत: स्लो मोशन किती वापरावं, लोकेशन नवी मुंबईतला पाम बीच रोड घ्यावं की ठाण्याचं येऊर, ड्रोन लागेल का, आणि फॅशन फिल्म ‘फॅशन’ वाटते ती नेमकी कशामुळे.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. जिमच्या जाहिरातीत विषय असतो मेहनत: घाम, आवळलेले दात, उचललेलं वजन. कॅटलॉगमध्ये कपडा असतो, पण तो नुसता उभा असतो. फॅशन फिल्मचा विषय या दोन्हींच्या मधला आहे. अंग हललं की कापड काय करतं, हा तो विषय. विंडचीटरच्या पाठीत हवा भरते आणि थांबल्यावर ती हळूच बसते. टँक टॉपची खालची कड धावताना अंगापेक्षा थोडी उशिरा वळते. लेगिंग गुडघ्यावर ताणली जाते आणि पाय सरळ झाला की सुरकुती न ठेवता परत येते. तुमचा मागचा व्हिडिओ फसला असेल तर तो बहुधा कॅमेऱ्यामुळे नाही. प्रत्येक कपड्याची स्वतःची हालचाल कोणती हे आधी शोधलं नाही आणि सगळ्यांना तेच तीन व्यायाम करायला लावले, की पाचही कपडे एकसारखे दिसतात.

म्हणून शॉटची यादी लिहिण्याआधी घरी एक संध्याकाळ द्या. खिडकीजवळ मोबाइल स्टँडवर लावा, स्लो मोशन चालू करा आणि ज्या मुलीवर शूट करणार आहात तिलाच पाचही कपडे घालून पाच गोष्टी करायला सांगा: खोल बैठक, दोन-दोन पायऱ्या गाळून जिना चढणं, जागच्या जागी धावणं, हात डोक्यावर नेऊन बाजूला वाकणं, आणि वरचा कपडा चढवणं-उतरवणं. पंचवीस क्लिप होतील. त्या आवाज बंद करून बघा. प्रत्येक कपड्याची एक हालचाल अशी निघेल की तिथे डोळा आपोआप थांबतो. तीच त्या कपड्याची. बाकीच्या चार सोडून द्या.

याच चाचणीत कपड्याचे दोषही कळतात, आणि ते शूटच्या दिवशी कळण्यापेक्षा आता कळलेले बरे. खोल बैठकीत लेगिंग मागून पारदर्शक होते का बघा. विणलेलं कापड ताणलं की धाग्यांमधली भोकं उघडतात, आतल्या कपड्याचा रंग दिसतो, आणि जितका प्रकाश जास्त तितकं ते उघडं पडतं. हे लाइटिंगने झाकलं जात नाही. छापील लेगिंगमध्ये आणखी एक गोष्ट होते. पांढऱ्या पॉलिएस्टरवर सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने रंग चढवून, छपाई केली असेल तर रंग वरच्या थरावरच बसलेला असतो. ताण आला की मधून पांढरं डोकावतं आणि मांडीवर छपाई फिकट, मळकट दिसते. अशा लेगिंगला बैठक देऊच नका. लांब ढांगांची चाल द्या, तिथे ताण कमी आणि छपाई पूर्ण दिसते. कंबरपट्टा वाकल्यावर गुंडाळला जातो का, ट्रॅक पँट दहा मिनिटं बसून उठल्यावर गुडघ्याला फुगा धरते का, ब्राची पट्टी पाठीवर पीळ खाते का, हेही टिपून ठेवा. गुडघ्याला फुगा धरणारी पँट असेल तर तिचे सगळे शॉट तिला बसू न देता आधी उरकायचे.

आता प्रकाश. खेळाच्या कपड्यांत कापडाचे तीन स्वभाव भेटतात आणि तिघांना एकच प्रकाश चालत नाही. नायलॉन-लायक्रा चकाकतं. त्यावर कडक ऊन किंवा उघडा एलईडी पडला की मांडीवर पांढरे पट्टे उमटतात आणि कपडा स्वस्त दिसतो. त्याला मोठा, मऊ प्रकाश हवा. बाहेर असाल तर सहा बाय सहा फुटांच्या चौकटीवर पातळ पांढरं कापड ताणून ते सूर्य आणि मुलीच्या मध्ये धरा, फ्रेमच्या बाहेर जमेल तितकं जवळ. पोलरायझर फिल्टर फिरवूनही चकाकी बरीच मरते. त्यात दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), एवढा हिशेब ठेवा. दुसरा स्वभाव म्हणजे मॅट, सुती वाटणारं पॉलिएस्टर. त्याला समोरून प्रकाश दिला तर ते सपाट पुठ्ठ्यासारखं दिसतं. प्रकाश बाजूने, कापडाला घासून जाईल असा आला की वीण आणि घड्या उठून येतात.

तिसरं काळं कापड. तुमच्या पाचातले निदान दोन काळे असतील, असतातच. काळं दिसत नाही म्हणून समोरून प्रकाश वाढवत नेण्याची चूक सर्रास होते. त्याने काळं राखाडी होतं आणि चेहरा जळतो, म्हणजे पांढराफटक होतो. काळ्या कपड्याला उजेड नको, कड हवी. मुलीच्या मागून, एका बाजूला, खांद्याच्या थोडं वर प्रकाश ठेवा म्हणजे खांदा, कंबर आणि पोटरीच्या कडेला बारीक उजळ रेघ येते आणि आकार आपोआप वाचता येतो. समोरून फक्त थर्माकोलच्या शीटचा उडालेला प्रकाश चेहऱ्यापुरता. आणि पार्श्वभूमी काळ्याहून एक पायरी उजळ निवडा: राखाडी सिमेंट, पाणी, सकाळचं आभाळ. गर्द झाडीसमोर काळी लेगिंग म्हणजे पायच गायब.

निऑन रंगांबद्दल जरा थांबते, कारण हल्ली प्रत्येक ब्रँडमध्ये एक तरी निऑन असतो आणि एडिटिंगच्या टेबलावर सगळ्यात जास्त रडवतो तोच. फ्लुरोसंट रंग अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून उन्हात तो पेटल्यासारखा दिसतो आणि साध्या एलईडीखाली मलूल होतो. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी त्याचा एकच चॅनेल आधी भरून जातो. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दाखवतो आणि कपड्याची घडी मात्र गेलेली असते. लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लावा आणि निऑन असेल त्या शॉटला अर्धा ते एक स्टॉप कमी एक्स्पोज करा. दुसरा त्रास हनुवटीचा. पोपटी टॉपवर ऊन पडलं की ते हनुवटीवर आणि गळ्यावर पोपटी उजेड उडवतं, मुलगी आजारी दिसते. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटिंगमध्ये रंग सुधारताना, ते काढता येतं, पण धावत्या शॉटमध्ये फ्रेमगणिक मास्क करत बसावं लागतं. त्यापेक्षा तिला सूर्याकडे पाठ करून पळवा, म्हणजे छातीवर थेट ऊन पडणारच नाही.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मी आधी मेनूत जाऊन पाल, म्हणजे सेकंदाला २५, ५०, १०० फ्रेमची पद्धत, निवडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे साध्या ट्यूब आणि बऱ्याच एलईडी सेकंदाला १०० वेळा उजेड-अंधार करतात. २५ फ्रेमला १/५० शटर, ५० फ्रेमला १/१००, आणि १०० फ्रेमलाही आत असाल तर १/१००च. मग प्रत्येक फ्रेमला उजेडाचं पूर्ण आवर्तन मिळतं. एनटीएससीत, म्हणजे ३०, ६०, १२० फ्रेमच्या पद्धतीत, राहून १२० फ्रेमला पार्किंगमध्ये शूट केलंत तर शटर १/१२० किंवा त्याहून जलदच ठेवावं लागतं. ते १००शी जुळत नाही आणि कपड्यावरून पट्टे सरकताना दिसतात. हे पट्टे काढायची सॉफ्टवेअर आहेत, पण जाळीच्या कपड्यावर ती वीणही पुसून टाकतात.

स्लो मोशन किती, याचं उत्तर गणितानेच देते. सहज धावणारी व्यक्ती मिनिटाला साधारण १६० पावलं टाकते. १०० फ्रेमचं शूट २५च्या टाइमलाइनवर टाकलं की वेग चौपट मंदावतो: मिनिटाला ४० पावलं, एका पावलाला दीड सेकंद. दोन सेकंदांच्या शॉटमध्ये जेमतेम एक पाऊल दिसेल. कापडाचा एखादा बारकावा दाखवायला ते छान आहे, पण धावणं मात्र राहत नाही, तरंगणं होतं. ५० फ्रेमला एका पावलाला पाऊण सेकंद लागतो. दोन सेकंदांत दोन-तीन पावलं येतात, कापडही दिसतं आणि ताकदही राहते. माझा कल असा: ६० सेकंदांच्या फिल्ममध्ये १०० फ्रेमचे तीन किंवा चार शॉट, तेही फक्त तुमच्या चाचणीत जिथे डोळा थांबला होता त्या हालचालींचे. सात-आठ शॉट ५०चे. बाकी सगळं खऱ्या वेगात. चाल, वळणं, चेन ओढणं, लेस बांधणं खऱ्या वेगातच देखणं दिसतं. सगळंच मंद केलं की कशालाच वजन राहत नाही.

छापील कपड्याला एक अपवाद करा. १/५० शटरला पळत्या पायावरची छपाई पुसट होते. प्रिंट दाखवायचीच असेल तर १/१०० ठेवा, हालचाल थोडी कडक दिसेल पण नक्षी वाचता येईल.

बाहेर १/५० शटर ठेवायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी गडद काच, लागणारच. भर उन्हात आयएसओ १००, एफ/१६ आणि १/१०० हे ढोबळ एक्स्पोजर. तिथून एफ/२.८ला आलात तर पाच स्टॉप, १/५०ला आलात तर आणखी एक. सहा स्टॉप म्हणजे एनडी ६४. लॉगमध्ये (रंग नंतर चढवायच्या फिकट मोडमध्ये) शूट करणार असाल आणि कॅमेऱ्याचा बेस आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन, एकूण नऊ. इथे स्वस्त एनडी घात करतात. जाड एनडी दृश्य प्रकाश अडवतो, पण इन्फ्रारेड आत सोडतो, आणि काळं पॉलिएस्टर इन्फ्रारेड परावर्तित करतं. परिणाम असा की काळी लेगिंग चॉकलेटी-मरून येते आणि शेजारचं काळं सुती कापड काळंच राहतं. डोळ्यांना जागेवर दोन्ही काळीच दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. इन्फ्रारेड अडवणारा एनडी भाड्याने मिळतो, तो मागा. नाही मिळाला तर ऊन कोवळं असेपर्यंतच काळे कपडे उरका, म्हणजे तीन-चार स्टॉपवर भागेल.

जाळीच्या कपड्यावर आणि बारीक रिबवर (उभ्या रेघांच्या विणीवर) मोआरे येतं, म्हणजे कापडावर नसलेल्या इंद्रधनुषी लाटा. विणीची बारीक रेघ आणि सेन्सरचे पिक्सेल यांची गाठ पडली की त्या उठतात. उपाय सोपा आहे: कॅमेरा दोन पावलं पुढे किंवा मागे घ्या, किंवा कपड्याला थोडा तिरका कोन द्या. अगदीच हटत नसेल तर फोकस कपड्याऐवजी डोळ्यांवर ठेवून अॅपर्चर उघडा. मात्र कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दिसणारं मोआरे कधी कधी त्या पडद्याचंच असतं. एक क्लिप लॅपटॉपवर पूर्ण आकारात बघून मग ठरवा.

लोकेशन. पाम बीच की येऊर, याचं उत्तर सूर्याच्या दिशेत आहे. ठाण्यात येऊरचे डोंगर शहराच्या पश्चिमेला. पायथ्याच्या उपवन तळ्यावर सकाळी ऊन पूर्वेकडून थेट डोंगरावर पडतं आणि हिरवी पार्श्वभूमी उजळून निघते. संध्याकाळी मात्र सूर्य डोंगराआड लवकर जातो, पंचांगातल्या सूर्यास्ताची वाट बघत बसलात तर सोनेरी ऊन कधीच निसटलेलं असतं. नवी मुंबईत उलट. पारसिकचे डोंगर पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला. सकाळचं ऊन डोंगर आणि इमारती ओलांडून उशिरा येतं, त्यामुळे सूर्योदयानंतर बराच वेळ मऊ, सावलीविना उजेड मिळतो. संध्याकाळी खाडीवर शेवटपर्यंत ऊन असतं. म्हणून चकाकणारं नायलॉन सकाळी नवी मुंबईत छान दिसतं, आणि मागून कड हवी असलेले काळे कपडे संध्याकाळी खाडीच्या बाजूला.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे कॅमेरा काढू नका. पाम बीचच्या मुख्य रस्त्यावर, गाड्यांच्या मार्गात धावण्याचा शॉट घेऊच नका. गाड्यांचा वेग प्रचंड असतो आणि गिंबल घेऊन उलटा चालणारा माणूस मागचं काही बघत नाही. नेरूळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ आणि पाण्याभोवतीचा ट्रॅक त्यापेक्षा सुरक्षित, पण सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस बघा. रविवारी सीबीडी बेलापूरचा कार्यालयांचा भाग रिकामा असतो. सिमेंटच्या भिंती, लांब सावल्या, रुंद पायऱ्या. खेळाचे कपडे ‘फॅशन’ दिसायला मैदानापेक्षा अशी जागा जास्त मदत करते, कारण मैदानात ते अपेक्षितच असतात. खारफुटीत मात्र उतरू नका. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ओहोटीला तिथे नुसता चिखल असतो, त्यामुळे काठावरून शॉट घ्यायचा तरी भरतीची वेळ बघून जा.

परवानगी ज्याची जागा त्याची: बाग आणि ट्रॅक महापालिकेचे, स्टेशन रेल्वेचं, सोसायटी असेल तर सेक्रेटरींचं पत्र. राज्य सरकारची चित्रीकरण परवानगीची एक खिडकी योजना गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ चालवतं, अर्ज तिथून करता येतो. कॅमेरा छोटा आहे म्हणून परवानगी लागत नाही असं कोणी सांगेल. गिंबल, रिफ्लेक्टर आणि मेकअपची खुर्ची दिसली की सुरक्षारक्षक येणारच, आणि तुमचा सोनेरी अर्धा तास त्याच्याशी बोलण्यात जाणार.

एका दिवसात ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही घेऊ नका. कळवा किंवा मुलुंड-ऐरोली पुलाच्या गर्दीत जो वेळ जातो तो नेमका चांगल्या उन्हाचा असतो. एकाच बाजूची, गाडीने पंधरा मिनिटांच्या आतली दोन लोकेशन पुरेत. जानेवारीचा दिवस धरला तर सूर्योदय सव्वासातच्या आसपास, सूर्यास्त सहा-वीसच्या सुमारास. मेकअप घरीच पाचला सुरू, साडेसहाला जागेवर, पावणेसात ते साडेनऊ पहिलं लोकेशन. दहा ते साडेतीन उघड्यावर काम नको, ऊन डोक्यावर असतं आणि डोळ्यांखाली खड्डे पडतात. तेव्हा सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये किंवा जिन्यात जवळचे शॉट घ्या: शिलाई, चेन, नाडी, कंबरपट्टा. साडेचार ते सव्वासहा दुसरं लोकेशन. आणि एसीच्या गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, आपल्या दमट हवेत लेन्सवर धुकं धरतं आणि ते पुसून जात नाही. बॅग बंद ठेवून वीस-तीस मिनिटं आधी बाहेर ठेवा.

मुलगी मॉडेल हवी की खेळाडू? ती हालचाल जिला खरंच येते ती हवी. धावताना खांदे कसे राहतात, पाऊल कुठे पडतं हे कपडे विकत घेणाऱ्या धावपटूला एका नजरेत कळतं, आणि खोटं धावणं कुठल्याही लेन्सने खरं होत नाही. पण खेळाडू असली तरी ती यंत्र नाही. पंधरा मिनिटं वॉर्मअप दिल्याशिवाय स्प्रिंट मागू नका, थंड स्नायूंवर मांडीची शीर भरते आणि शूट तिथेच संपतं. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर खांदे वर चढतात, मान आखडते, आणि ते पडद्यावर दिसतं. म्हणून सगळ्यात दमवणारा शॉट दिवसाच्या सुरुवातीला, तीन फेऱ्या, मग विश्रांती. कपडे बदलायला गाडीचं मागचं सीट ही जागा नव्हे. जवळ ओळखीचं घर किंवा क्लब हाउसची खोली ठरवा. कपडे ठीकठाक करायला सेटवर एक बाई हवीच, आणि कुठले शॉट किती जवळून घेणार हे आदल्या दिवशी शूटमधल्या मुलीला सांगून, लिहून सही घ्या. जिला सुरक्षित वाटतं तीच मोकळी हलते.

घामाचा विषय काढायलाच हवा. खरा घाम राखाडी मेलांज (मिश्र रंगाच्या धाग्यांच्या) कापडावर सगळ्यात वाईट दिसतो, काखेत आणि पाठीवर गडद डाग. म्हणून राखाडी कपडा सकाळी पहिला. घाम दाखवायचाच असेल तर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून स्प्रे बाटलीत भरा, एक फुटावरून कपाळ, गळा आणि दंडावर मारा, आणि मारताना कपड्यावर टॉवेल धरा. ग्लिसरीन कापडाला लागलं तर तेलाच्या डागासारखं दिसतं आणि त्या दिवशी तरी निघत नाही. ते धूळही धरतं, म्हणून जमिनीवर लोळण्याच्या शॉटनंतर मारा, आधी नको.

कपड्यांच्या पेटीत एवढं असू द्या: प्रत्येक डिझाइनचे दोन नग, त्वचेच्या रंगाचे शिलाई नसलेले आतले कपडे, स्टीमर, लिंट रोलर (कपड्यावरचे तंतू उचलणारा चिकट रोलर), दोन बाजूंनी चिकटणारी टेप, क्लिपा, बारीक कात्री, आणि नावनिशाणी नसलेले स्वच्छ बूट. बुटांवर दुसऱ्या ब्रँडचा लोगो राहिला तर तुमच्या फिल्ममध्ये फुकटची जाहिरात त्याची. जमिनीलगतच्या शॉटसाठी बुटाचे तळवे धुवून न्या, धावताना कॅमेऱ्याला आधी तेच दिसतात. पॉलिएस्टरवर गरम इस्त्री फिरवू नका. हीट ट्रान्सफरचा, म्हणजे उष्णतेने चिकटवलेला, लोगो इस्त्रीला चिकटतो किंवा चुरगळतो. कपडा उलटा करून वाफ द्या.

विंडचीटरला चमकती रिफ्लेक्टिव्ह पट्टी असेल तर तिच्यासाठी एक स्वतंत्र शॉट राखून ठेवा. ही पट्टी प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवते. बाजूने कितीही मोठा लाइट लावला तरी ती राखाडीच दिसणार. संध्याकाळी पार्किंगमध्ये अंधार करा, कॅमेऱ्यावर, लेन्सला चिकटून, एक छोटा एलईडी लावा आणि मुलीला दहा-बारा फुटांवरून चालत येऊ द्या. एलईडीचा उजेड इतका मंद ठेवा की चेहरा जेमतेम दिसेल. पट्टी मात्र पांढरी पेटेल, आणि ती वळली की खांद्यावरून पाठीपर्यंत रेघ धावत जाईल. फिल्मचा शेवटचा शॉट म्हणून मी याच्यासारखं दुसरं काही सुचवू शकत नाही.

एडिटिंगसाठी संगीत आधी निवडा आणि त्याचा वेग मोजा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर मिनिटाला १५०० फ्रेम होतात. १२० ठोक्यांचं गाणं घेतलं तर एक ठोका साडेबारा फ्रेमचा, म्हणजे दर दुसरा कट अर्ध्या फ्रेमने घसरतो. १२५ ठोक्यांचं घेतलं तर बरोबर १२ फ्रेम, १००चं घेतलं तर १५. कट पाय जमिनीला टेकतो त्या फ्रेमवर नको, टेकण्याआधी दोन फ्रेम. डोळ्याला पुढच्या शॉटमध्ये शिरायला तेवढा वेळ लागतो आणि मग टेकणं ठोक्यावर पडतं. तीस-बत्तीस शॉट पुरतात, पण त्यातला एक तरी पाच सेकंद न कापता ठेवा. ट्रेंडिंग गाणं उचलू नका, व्यावसायिक वापराचा परवाना असलेलं संगीत घ्या. आणि कापडाचे आवाज वेगळे रेकॉर्ड करा. रात्री, पंखा-एसी बंद करून, गाद्या-रजयांच्या मध्ये बसून, माइक वीतभर अंतरावर: नायलॉनची सळसळ, चेन वर जाताना आणि अडताना, इलॅस्टिक सोडल्याचा बारीक टप्. संगीताच्या खाली हे चार आवाज ठेवले की कपडा हाताला लागल्यासारखा वाटतो.

उभ्या आवृत्तीसाठी वेगळं शूट नको. आडव्या ४केमधून १२१५ बाय २१६० पिक्सेलची उभी पट्टी निघते आणि मोबाइलसाठी १०८० बाय १९२० पुरे. फक्त कॅमेऱ्यात उभ्या चौकटीच्या रेषा लावून ठेवा आणि महत्त्वाची हालचाल मधल्या तिसऱ्या भागात होऊ द्या.

ग्रेडिंगच्या वेळी पाचही कपडे हातात घेऊन बसा. प्रत्येक लोकेशनला, प्रकाश बदलला की, कलर चार्टसोबत (ठरावीक रंगांच्या चौकटींच्या तक्त्यासोबत) कपड्याचा एक स्थिर शॉट घेतलेला असला पाहिजे. चेहऱ्याला गोडवा आणायला सगळी फ्रेम नारिंगीकडे झुकवली की गुलाबी टॉप विटकरी होतो, आणि ग्राहक तोच रंग समजून मागवतो आणि परत पाठवतो. त्वचा वेगळी निवडून सुधारा, कपडा चार्टवर ठेवा, शेवटी खिडकीच्या उजेडात खरा टॉप मॉनिटरशेजारी धरून बघा. मग दोन वेगवेगळ्या मोबाइलवरही.

ड्रोनचं राहिलं. नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे, त्यामुळे शहराच्या कुठल्या भागात उडवता येतं हे सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर बघितल्याशिवाय बोलूही नका. नकाशावरच्या लाल पट्ट्यात, म्हणजे उड्डाणबंदीच्या भागात, २५० ग्रॅमच्या आतला ड्रोनही परवानगीशिवाय चालत नाही. पण नियम बाजूला ठेवले तरी माझं मत नकोच असं आहे. शंभर फुटांवरून ट्रॅक दिसतो, खाडी दिसते, धावणारा ठिपका दिसतो. कापड दिसत नाही. ड्रोनच्या भाड्याचे पैसे कपडे सांभाळणाऱ्या एका चांगल्या सहायक मुलीला द्या, आणि प्रत्येक टेकआधी तिला काळ्या लेगिंगवरून लिंट रोलर फिरवू द्या, गुडघ्याच्या मागच्या बाजूसकट.